प्लेगची लस देणारे हाफकिन आणि ५३-एन नंबरची बाटली

बेळगाव : टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोत रोज सकाळी फिरायला जाणाऱ्यांची गर्दी असते. झाडं आहेत, मोकळी हवा आहे, मैदान आहे. पण या जागेला व्हॅक्सिन डेपो का म्हणतात, असं विचारलं तर निम्मे लोक खांदे उडवतात. एके काळी इथं देवीची लस तयार व्हायची, म्हणून हे नाव. त्याच काळात आपल्या भागाला आणखी एका लशीची गरज होती. ती इथं नाही, मुंबईत परळला तयार व्हायची आणि रेल्वेने हुबळी-धारवाड-बेळगावकडे यायची. ती प्लेगची लस. ती बनवणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांचा २६ ऑक्टोबर हा स्मृतिदिन. मुंबईतल्या हाफकिन संस्थेमुळे नाव सगळ्यांना माहीत आहे, पण माणूस कोण होता आणि त्याच्यावर काय प्रसंग गुदरला, हे फारसं कुणी सांगत नाही.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. आज ते युक्रेनमध्ये येतं, तेव्हा रशियाच्या झारचं राज्य होतं. घर ज्यू व्यापाऱ्याचं. ओडेसाच्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले आणि तिथं त्यांना गुरू भेटले इल्या मेचनिकोव्ह. हे तेच मेचनिकोव्ह, ज्यांना पुढे १९०८ साली नोबेल मिळालं आणि ज्यांनी आंबट दही खाण्याचं महत्त्व युरोपला पटवायचा प्रयत्न केला. (आपल्याकडे ते सांगायला शास्त्रज्ञ लागला नाही, ही गोष्ट वेगळी.)

तरुणपणी हाफकिन झारविरोधी क्रांतिकारकांच्या संगतीत होते. ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा वस्तीच्या रक्षणासाठी उभे राहिले, जखमी झाले, अटकही झाली. मेचनिकोव्ह यांच्या शब्दामुळे सुटका झाली. पुढे विद्यापीठात बढती हवी तर धर्म बदला, अशी अट आली. त्यांनी ती मानली नाही. १८८८ मध्ये देश सोडला, आधी जिनिव्हा आणि मग पॅरिस. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये शास्त्रज्ञाची जागा रिकामी नव्हती, म्हणून ग्रंथपालाची नोकरी धरली. दिवसा पुस्तकं लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोग.

बिअर नासते तेव्हा

इथं थोडं थांबून पाश्चर यांच्या घराण्याविषयी सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. लुई पाश्चर म्हटलं की आपल्याला पिसाळलेला कुत्रा आठवतो. पण ते रोगजंतूंकडे वळले ते दारूच्या पिंपातून. फ्रान्समधल्या लिल शहरात बिटापासून मद्यार्क काढणाऱ्या एका कारखानदाराचा माल बिघडत होता. पाश्चर यांनी सूक्ष्मदर्शक लावून बघितलं तर चांगल्या पिंपात गोल टपोरे यीस्टचे कण, आणि नासलेल्या पिंपात त्याहून कितीतरी बारीक, काडीसारखे दुसरेच जीव. म्हणजे माल आपोआप बिघडत नव्हता, त्यात नको तो पाहुणा शिरत होता.

पुढे १८७० च्या युद्धात जर्मनीने फ्रान्सला हरवलं. पाश्चर चिडले. जर्मन बिअरला मागे टाकेल अशी फ्रेंच बिअर करायची, असं त्यांनी मनावर घेतलं. स्वतःला बिअरची फारशी आवड नव्हती, हे विशेष. १८७१ मध्ये लंडनच्या व्हिटब्रेड या मोठ्या कारखान्यात जाऊन त्यांनी यीस्ट मागून घेतलं, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि यात बिघाड आहे असं सांगितलं. कारखान्यानं काही दिवसांत स्वतःचा सूक्ष्मदर्शक विकत घेतला. १८७६ मध्ये बिअरवर त्यांचं पुस्तकच निघालं.

त्या अभ्यासातून जे कळलं ते आजही तसंच लागू आहे. आपल्या भागात नाताळच्या आधी अनेक घरांत द्राक्षाची वाईन घालतात, काही जण आल्याची बिअर करतात. (खरी बिअर घरी करायची तर अबकारी परवान्याचा प्रश्न येतो, तो ज्याचा त्याने बघावा.) बरणी उघडल्यावर शिरक्यासारखा झणझणीत वास आला तर समजावं की हवा लागली आणि शिरक्याचे जंतू बसले. लोण्यासारखा, पॉपकॉर्नसारखा वास आला तर एक तर यीस्टचं काम अर्धवट राहिलं किंवा दह्याच्या जातीचे जंतू शिरले. वर सायीसारखी पातळ कातडी धरली तर तिथंही हवेचंच काम. कुजक्या अंड्याचा वास मात्र बहुतेक वेळा यीस्टचाच असतो, काही दिवसांत उडून जातो, लगेच बरणी ओतून टाकू नये. वासावरून नुसता बिघाड कळत नाही, बिघाड कसला आणि साधारण कुठल्या पायरीवर झाला हेही कळतं. आपली आजी विरजणाच्या भांड्याला नाक लावून हेच करायची.

हाफकिन तयार झाले ते या शिस्तीत. १८९२ मध्ये त्यांनी पटकीची लस तयार केली आणि १८ जुलैला सगळ्यांत आधी स्वतःला टोचून घेतली. मार्च १८९३ मध्ये ते कलकत्त्याला उतरले. भारतीय डॉक्टरांना बरोबर घेऊन दोन-सव्वादोन वर्षांत त्यांनी देशात ४० हजारांहून जास्त लोकांना लस टोचली. टोचायच्या आधी लोकांसमोर स्वतःला टोचून घ्यायचे. मलेरियानं अंथरूण धरलं, इंग्लंडला जावं लागलं, बरे होऊन परत आले.

गाठीचा ताप

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग निघाला. आपल्याकडचे जुने लोक त्याला गाठीचा ताप म्हणायचे. ऑक्टोबरमध्ये सरकारनं हाफकिन यांना मुंबईला बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात जागा मिळाली ती एका बोळात. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचली, तीही नेहमीच्या मात्रेपेक्षा बरीच जास्त. ताप आला, उतरला. मग भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा तयार असलेल्या कैद्यांना लस दिली आणि फरक दिसला.

ते वर्ष मराठी माणूस विसरू शकत नाही. मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. जूनमध्ये रँडचा वध झाला. सोजीर घरात घुसायचे, माणसं उचलून न्यायचे, सामान जाळायचे. अशा वातावरणात सरकारी सुईवर कोण विश्वास ठेवणार? लशीत गाईचं आहे, डुकराचं आहे, अशा अफवा होत्या. हाफकिन यांनी मांसाचा काढा केला तो बकऱ्याचा, आणि वर सोडलं ते तूप. जबरदस्तीवर त्यांचा भरवसा नव्हता. आगाखान यांनी स्वतः लस घेतली आणि मग मुंबईतल्या हजारो खोजा मंडळींनी घेतली.

ही लस बनायची कशी, ते सांगण्यासारखं आहे. मोठ्या काचेच्या चंबूत बकऱ्याच्या मांसाचा गाळलेला काढा. वर तुपाचे थेंब तरंगत. त्यात प्लेगच्या जंतूंचं विरजण. जंतू त्या तुपाच्या थेंबाला धरून वाढायचे आणि खाली दोऱ्यासारखे लोंबायचे. अधूनमधून चंबू हलवायचा, दोरे तळाला पडायचे, तुपाखाली नवे लोंबायला लागायचे. असं पाच-सहा आठवडे चालायचं. काढा वरपासून खालपर्यंत सारखाच गढूळ दिसायला लागला किंवा दोरे नीट लोंबले नाहीत, की समजायचं दुसरं काहीतरी शिरलंय. चंबू बाद. म्हणजे तूप फक्त खाद्य नव्हतं, तपासणीही तेच करत होतं. मग सुमारे ६५ ते ७० अंशांवर तासभर तापवून जंतू मारायचे, थोडं कार्बोलिक घालायचं आणि बाटल्या भरायच्या. तापवण्याची ही युक्ती पाश्चर यांनी वाईनसाठी काढलेली, दुधाच्या पिशवीवर आज आपण तिचं नाव वाचतो.

लशीचा हिशेबही त्यांनी चोख ठेवला. बडोदे संस्थानातल्या उंढेरा गावचा १८९८ च्या फेब्रुवारीतला प्रयोग तर आम्हा कॉमर्सवाल्यांनाही पटण्यासारखा आहे. घराघरांत अर्ध्या लोकांना लस द्यायची, अर्ध्यांना नाही. म्हणजे घर तेच, पाणी तेच, उंदीर तेच. पुढे ज्या २८ घरांत प्लेग आला, तिथं लस घेतलेले ७१ जण होते, त्यांतले ८ आजारी पडले आणि ३ गेले. न घेतलेले ६४ होते, त्यांतले २७ आजारी पडले आणि २६ गेले.

आपल्या भागातही १८९७-९८ मध्ये साथ पोहोचली. तेव्हा बेळगाव, धारवाड हे जिल्हे मुंबई इलाख्यात होते, निपाणी चिक्कोडी तालुक्यात होती, पलीकडे कोल्हापूर संस्थान. साथीला कसली आली हद्द! गावंच्या गावं माळावर झोपड्या घालून राहिली. त्या झोपड्यांच्या गोष्टी अनेक घरांत पणजोबांपासून चालत आल्यात. हुबळीत रेल्वेचं वर्कशॉप आणि गिरणी, त्यामुळे माणसांची ये-जा मोठी. तिथं १८९८ मध्ये हजारो लोकांना लस दिली गेली आणि हुबळीचं नाव विलायतेतल्या वैद्यकीय अहवालांत गेलं. धारवाड-गदगलाही काम झालं. बेळगावच्या कँपातल्या पलटणीतही लस टोचली गेली. १८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर हाउसमध्ये गेली.

मलकोवाल

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगनं थैमान घातलं. तिथल्या सरकारनं लशीची प्रचंड मागणी केली. बोकडाच्या काढ्याची जुनी पद्धत वेळखाऊ होती. हाफकिन यांनी पद्धत बदलली, जंतू अगारवर वाढवले आणि कार्बोलिक घालणं सोडून नुसत्या उष्णतेवर भर दिला. पॅरिसला असं चालत होतं. पण हा बदल पुढे त्यांच्या गळ्याला लागला.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या गुजरात जिल्ह्यातलं मलकोवाल गाव, आज ते पाकिस्तानात आहे. त्या दिवशी गावातल्या १०७ जणांना लस टोचली. पाच बाटल्या उघडल्या. त्यांतल्या ५३-एन नंबरच्या बाटलीतून १९ जणांना टोचलं. साधारण आठवड्यानं या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळेच्या सगळे गेले. बाकीच्या ८८ जणांना काहीही झालं नाही.

१९ घरं. त्यांनी विश्वास ठेवून हात पुढे केला होता. हाफकिन यांची कथा सांगताना या माणसांना विसरून चालत नाही.

आता प्रश्न एकच. बाटलीत धनुर्वाताचे जंतू शिरले कुठं? परळला भरताना, की मलकोवालला उघडताना? ज्यानं कधी काही आंबवलं आहे, त्याला हा प्रश्न ओळखीचा वाटेल. बिघाड कारखान्यातला की बूच काढतानाचा?

सरकारनं चौकशी नेमली. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स अध्यक्ष, सोबत दोन लष्करी डॉक्टर. त्यांनी ठरवलं की बाटली उघडायच्या आधीच दूषित होती. म्हणजे दोष परळचा. कार्बोलिक वगळल्याचा ठपकाही आला. हाफकिन यांना कामावरून दूर केलं, ते लंडनला गेले. हातात पद नाही आणि माथ्यावर १९ मृत्यू.

पण गावात काय घडलं होतं, तेही साक्षीत नोंदलेलं होतं. बाटलीचं बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. त्यानं तो कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून काढला आणि त्यानंच बूच ओढलं. शेणामातीची जमीन म्हणजे धनुर्वाताच्या बीजाणूंचं घर. म्हणून तर शेतात खिळा लागला की आपण आधी इंजेक्शन घ्यायला पळतो. हे बीजाणू इतके चिवट की कार्बोलिकमध्ये क्षणभर बुडवून मरत नाहीत. चिमटा ज्योतीवर लालबुंद करून घ्यायला हवा होता. ते झालं नाही.

दुसरा मुद्दा वासाचा, आणि मला विचाराल तर सगळ्यांत जोरदार तोच. बाटली भरली होती १९ सप्टेंबरला, उघडली ४१ दिवसांनी. धनुर्वाताचे जंतू बंद बाटलीत, हवेशिवाय, इतके दिवस वाढले असते तर बूच काढताच घाण वास सुटला असता. टोचणाऱ्या डॉक्टरांनी रिवाजाप्रमाणे बाटली उघडल्यावर वास घेतला होता. वेगळा वास आला नव्हता. बाटली परळलाच नासली असेल तर नाकाला कळल्याशिवाय राहिलं नसतं.

तिसरा मुद्दा दिवसांचा. बाटलीत ४१ दिवस मुरलेलं विष असतं तर लोक फार लवकर आजारी पडले असते. इथं आठवडा गेला. म्हणजे अंगात गेले ते थोडे, ताजे बीजाणू आणि ते वाढायला तेवढा वेळ लागला. तिन्ही गोष्टींचा ताळा एकाच ठिकाणी लागतो, चिमट्यावर.

मग आयोगाला हे दिसलं नाही का? माझ्या मते मोठ्या कारखान्यात चूक असणं आयोगाला सहज पटलं. पद्धत नुकतीच बदललेली, कार्बोलिक काढलेलं, आणि बनवणारा परदेशी, ज्यू, लष्करी डॉक्टरांच्या खात्याबाहेरचा, शिवाय वैद्यकीची पदवीही नसलेला. उलट चिमटा पडला असं म्हटलं तर सरकारच्या स्वतःच्या लसीकरणाच्या व्यवस्थेकडे बोट जातं. कार्बोलिकचा आरोपही नीट बघितला तर टिकत नाही, कारण जेवढं कार्बोलिक लशीत पडायचं तेवढ्यानं धनुर्वाताचे बीजाणू मरण्याची खात्री नव्हतीच.

चौकशीची कागदपत्रं १९०६ च्या अखेरपर्यंत लोकांसमोर आलीच नाहीत. आली तेव्हा विलायतेतल्या जाणकारांनी ती वाचली. मलेरिया डासामुळे होतो हे दाखवून नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस पेटून उठले. १९०७ च्या जुलैत लंडनच्या टाइम्समध्ये रॉस यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांचं पत्र आलं. परळचा दोष सिद्ध झालेला नाही, असं त्यांनी मुद्देसूद मांडलं. फ्रान्समध्ये ज्यू अधिकारी ड्रेफस याच्यावर झालेल्या अन्यायाची आठवण लोक काढू लागले. पार्लमेंटातही प्रश्न निघाला. नोव्हेंबर १९०७ मध्ये सरकारनं हाफकिन यांना निर्दोष धरलं आणि पुन्हा हिंदुस्थानात नोकरी दिली.

पाच वर्षं गेली होती. परळची जागा दुसऱ्याकडे गेली होती. हाफकिन कलकत्त्याला रुजू झाले, पण नव्या लशींचे माणसांवरचे प्रयोग त्यांना करू दिले नाहीत. ज्यानं आयुष्यभर आधी स्वतःच्या अंगावर सुई घेतली, त्याला आता फक्त प्रयोगशाळेतलं काम. १९१४-१५ च्या सुमारास, पंचावन्नाव्या वर्षी ते निवृत्त झाले आणि फ्रान्सला गेले.

शेवटची वर्षं त्यांनी धर्माचा अभ्यास आणि ज्यू समाजाच्या कामात घालवली. लग्न केलं नव्हतं. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचं नाव देण्यात आलं, ते जिवंत असतानाच. १९२८ मध्ये ते स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात राहायला गेले आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजी तिथंच वारले. जमवलेली पुंजी पूर्व युरोपातल्या ज्यू धार्मिक शाळांसाठी ठेवून गेले.

१९६४ मध्ये भारताच्या टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. परळची संस्था त्याच जुन्या गव्हर्नर हाउसच्या आवारात आहे. मुंबईला टाटा किंवा केईएम हॉस्पिटलला पेशंट घेऊन जाणारे आपल्या भागातले कितीतरी लोक तिच्या जवळूनच जात असतात.